आधी उतारा, मग निवेदन

मध्यंतरी एका ग्रामसभेला बसलो होतो. विषय अभ्यासिकेचा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं शाळेच्या ओट्यावर मोबाइलच्या उजेडात वाचत बसतात, हे सगळ्या गावाला दिसतं. ठराव एकमताने झाला. आमदारसाहेबांना निवेदन द्यायचं ठरलं. तेवढ्यात कडेला बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बांधणार कुठं?"

समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेकडे बोटं गेली. ग्रामपंचायतीचं मिळकतींचं रजिस्टर, म्हणजे नमुना ८, उघडलं, तर त्यात तिची नोंदच नव्हती. सातबारा काढला, तर गायरान. म्हणजे बांधकामाआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली. सभा शांत झाली.

गावोगाव कामं अडतात ती इथे. निवेदन आणि प्रस्ताव यांत फरक आहे, आणि तो आपण कुणी पोरांना शिकवत नाही. निवेदन म्हणजे मागणीचं पत्र. प्रस्तावाला ग्रामसभेचा ठराव लागतो, जागेचा उतारा लागतो, अभियंत्याने जागा पाहून केलेलं अंदाजपत्रक लागतं. त्यावर तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. आमदार निधी असो, जिल्हा नियोजन समितीचा पैसा असो की ग्रामविकास खात्याचं २५१५ लेखाशीर्ष, कागदांचा हा गाभा फारसा बदलत नाही.

आणि घड्याळ चालू असतं ते ३१ मार्चचं. वर्षअखेरीस निधी शिल्लक दिसला की अधिकारी तयार फाइल शोधतात. रस्त्याच्या जागेचा वाद सहसा नसतो आणि त्याचं अंदाजपत्रक लवकर होतं. म्हणून पेव्हर ब्लॉक बसतात, सभामंडप उभे राहतात आणि अभ्यासिका राहते. ठेकेदाराचं हित त्यात असतंच, मी नाकारत नाही. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलून आपण आपला आळस झाकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

वित्त आयोगाच्या पैशाबद्दलही गैरसमज फार. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या पंचायतींच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती, उरलेली ४० टक्के अबंधित. अबंधित म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरायची. पगार-आस्थापनेवर मात्र नाही. पण हा पैसा वापरायला काम गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं. आराखडा ग्रामसभेत ठरतो. त्या सभेला आपण जात नाही आणि वर्षभर सरपंचांना बोल लावतो. बायकांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते; ती अनेक ठिकाणी सह्यांपुरती उरते. धुणं धुवायचा ओटा कुठे हवा, हे त्या सभेतच नीट कळलं असतं.

आणखी एक गोष्ट ठरावातच लिहून घ्या: इमारत झाल्यावर वीजबिल कोण भरणार, किल्ली कुणाकडे राहणार. भांडवली निधी भिंती देतो, झाडूवाला देत नाही. कुलूप लागलेली व्यायामशाळा आणि आत साठलेलं सिमेंट मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की हे लिहिताना राग येतो.

वाचकांना विनंती आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि पंचायतीच्या मालकीच्या जागांची यादी मागा. ती मागायला कुणाची ओळख लागत नाही.

त्या गावातल्या पोरांनी तसंच केलं. दोन दिवस रजिस्टरं चाळल्यावर जुन्या कोंडवाड्याची जागा सापडली, ग्रामपंचायतीच्या नावावर, नमुना ८ ला नोंद असलेली. गेल्या सोमवारी त्यांनी मोजणीचा अर्ज दिला.