विद्यार्थ्यांच्या संचिका वाचणार कोण?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी सुरू झाल्यापासून महाविद्यालयांत ‘ई-पोर्टफोलिओ’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. विद्यार्थ्याने वर्षभरातील निबंध, पाहणीची टिपणे, सुधारलेले मसुदे एका ऑनलाइन संचिकेत ठेवावेत आणि त्यांवरून त्याची प्रगती व अभ्यासक्रमाची उपयुक्तता जोखावी, अशी ही कल्पना आहे. आपल्या काही साथींना तीत केवळ शिक्षणाचे बाजारीकरण दिसते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

तीन तासांच्या परीक्षेतून विद्यार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. अभ्यासक्रम कोठे फसला हे कळत नाही. मी अर्थशास्त्र शिकवीत असताना विद्यार्थ्यांना गावच्या आठवडी बाजारातील भाव आणि शेतमजुरांची मजुरी वर्षभर नोंदवायला लावीत असे. फायली अर्थातच कागदी होत्या. एके वर्षी त्या सलग वाचताना ध्यानात आले की, निर्देशांकाचे सूत्र जवळजवळ प्रत्येकाने अचूक मांडले होते. परंतु मजुरीचा आकडा वाढूनही मजुराचे वास्तव वेतन घटले आहे, हे स्वतःच जमवलेल्या आकड्यांतून बहुतेकांना वाचता आले नव्हते. दोष मुलांचा नव्हता. आम्ही निर्देशांक एका वर्षी संख्याशास्त्रात आणि वेतन दुसऱ्या वर्षी शिकवीत होतो, दोहोंची सांगड कोठेच घालून देत नव्हतो. पुढील वर्षी ती घातली. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून हा दोष आम्हांला कित्येक वर्षे दिसला नव्हता.

तथापि, त्या फायली वाचायला आम्ही चौघे कायम प्राध्यापक होतो. आज अनेक अनुदानित महाविद्यालयांत पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मोबदला मिळतो तो वर्गात शिकवलेल्या तासांचा. संचिका वाचण्याचे तास कोणत्या बिलात बसवायचे? मग त्या न वाचताच ‘नॅक’च्या समितीसाठी छायाचित्रांनी व प्रमाणपत्रांनी सजतात आणि अध्ययन निष्पत्तीची टक्केवारी अंदाजाने तक्त्यात भरली जाते.

साधनांचा प्रश्न आहेच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भागातील ४.४ टक्के आणि शहरांतील २३.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक आढळला होता. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरले, हे खरे. पण मोबाइलवर दहा पानांचा अहवाल लिहून तो दोनदा सुधारा, असे सांगणाऱ्याने एकदा स्वतः तसे करून पाहावे.

म्हणून आपल्या विद्यार्थी व प्राध्यापक संघटनांनी संचिकेची कल्पना झिडकारू नये, तिच्यासाठी लागणारा खर्च शासनाकडून मागावा. रिक्त पदे भरा, वाचनाचे तास कार्यभारात मोजा, ग्रंथालयातील संगणक सायंकाळीही खुले ठेवा. विद्यार्थ्याचे लिखाण त्याच्या संमतीवाचून कोणत्याही खाजगी कंपनीच्या हाती जाता कामा नये. सत्राअखेर विभागाची बैठक या संचिका समोर ठेवून व्हावी, तीत विद्यार्थी प्रतिनिधी बसावेत आणि तिचे इतिवृत्त विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे जावे. पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातील साथींनी निदान एका महाविद्यालयात हा आग्रह धरावा.