हप्ता भरला, पण परवाना?

परवां रावेरास माझ्या घरीं एक जुना विद्यार्थी आला. वेगमर्यादा उल्लंघिल्याबद्दल त्याचा परवाना तीन महिने निलंबित झाला आहे. तरी वडिलांनीं दिलेली मोटार घेऊन तो बऱ्हाणपुरास निघाला होता. "विम्याचा हप्ता भरला आहे, गुरुजी; मग भय कसलें?" असें तो म्हणाला.

हा समज अनेक सुशिक्षित घरांत आढळतो, म्हणून चार शब्द. निलंबनाच्या मुदतींत मोटार चालविणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८२ व्या कलमान्वयें अपराध असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. अशा वेळीं अपघात झाल्यास स्वतःच्या मोटारीची भरपाई विमा कंपनी नाकारूं शकते. जखमी पादचाऱ्यास मात्र न्यायालय बहुधा कंपनीकडूनच भरपाई देवविते. परंतु मालकानें जाणूनबुजून किल्ली दिली असल्यास ती रक्कम त्याजकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस मिळते. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्वर्णसिंग खटल्यांत या आशयाचा निर्णय दिला आहे.

"म्हणजे अपराध तुझा, आणि विकावी लागेल ती वडिलांची केळीची बाग," मी म्हणालों.

तो बराच वेळ उगा राहिला. नंतर बऱ्हाणपुरास गेला तो एस. टी. नें.