तुरुंगाच्या दारात तुटणारी औषधं

अमेरिकेत टेक्सासमधल्या वॉलर काउंटीच्या जेलमध्ये सँड्रा ब्लँड या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीला आणलं, तेव्हा दाखल करतानाच्या कागदांत एक नोंद झाली होती: हिनं पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला आहे. १० जुलै २०१५ ची ही गोष्ट. लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून पोलिसानं गाडी थांबवली, बाचाबाची झाली आणि प्रकरण अटकेपर्यंत गेलं. जामीन पाच हजार डॉलरचा. सुटण्यासाठी त्यातले सुमारे पाचशे भरायचे होते. १३ जुलैला ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. वैद्यकीय तपासणीनं आत्महत्या ठरवली; घरच्यांना ते पटणं जड गेलं. ती नोंद असूनही तिच्यावर खास नजर ठेवलेली नव्हती. तासातासाला प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा नियमही पाळला गेला नाही, असं राज्याच्या जेल मानक आयोगानं म्हटलं. विचारून, लिहून घेतलेल्या माहितीचं पुढे काहीच झालं नाही, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

काउंटी जेल आणि शिक्षा भोगायचा तुरुंग यांत फरक आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा; तिचं जेल बहुधा शेरीफ, म्हणजे तिथला निवडून आलेला पोलीसप्रमुख, चालवतो. तिथले बहुतेक जण म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. गुन्हा सिद्ध व्हायचा असतो, जामिनाचे पैसे जमायचे असतात. अशा स्थानिक जेलांमधल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं एकच कारण अनेक वर्षं आत्महत्या हे राहिलं आहे, आणि सुरुवातीचे दिवस फार धोक्याचे असतात. बाहेर चालू असलेली गोळी नेमकी तेव्हाच बंद पडते. आतल्या डॉक्टरची गाठ पडेपर्यंत, जुने कागद मागवेपर्यंत, ती गोळी जेलच्या औषधयादीत आहे का ते पाहीपर्यंत स्किझोफ्रेनियाच्या माणसाला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागलेले असतात. मग तो ओरडतो, हुकूम ऐकत नाही, आणि आजाराची शिक्षा म्हणून एकांतात टाकला जातो.

कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनेविरुद्ध आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली एस्टेल विरुद्ध गॅम्बल खटल्यात दिला. पण त्याआधीच, १९६५ साली, ज्या कायद्यानं गरिबांसाठी मेडिकेड ही आरोग्ययोजना आणली, त्याच कायद्यानं कोठडीतल्या माणसाच्या उपचारांसाठी तिचा पैसा वापरायला मनाई केली. आत गेलं की बहुतेक राज्यांत मेडिकेड स्थगित होतं. उपचारांचा खर्च काउंटीच्या तिजोरीवर येतो. सुटल्यावर योजना पुन्हा सुरू होईपर्यंत हातात गोळ्या नसतात, डॉक्टरची वेळ नसते, पुष्कळदा राहायला जागाही नसते. म्हणजे उपचार आत जाताना एकदा तुटले आणि बाहेर पडताना पुन्हा तुटले.

पैसा वाचतो म्हणावं, तर तसंही नाही. मायामी-डेड काउंटीचे तत्कालीन न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांनी वारंवार पकडल्या जाणाऱ्या ९७ मनोरुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब मांडून घेतला. त्यांना जवळपास २,२०० वेळा अटक झाली होती. जेलमध्ये त्यांचे २७,००० दिवस गेले, मनोरुग्णालयांत आणि तातडीच्या कक्षांत आणखी १३,००० दिवस. खर्च सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, आणि एवढं करून त्यांना बरं वाटल्याचं दिसत नव्हतं. लाइफमन यांनी २००० सालापासून पोलिसांना प्रशिक्षण द्यायला आणि किरकोळ आरोपांतल्या रुग्णांना कोर्टातूनच उपचारांकडे वळवायला सुरुवात केली होती. मला हाच मार्ग खरा वाटतो. जेलमधला मनोरुग्ण विभाग कितीही सुधारला, तरी ज्याला तिथे न्यायचंच नव्हतं त्याच्यावर अन्याय झालेलाच असतो.

तरीही जो आज आत आहे त्याला वाट पाहायला सांगता येत नाही. सँड्रा ब्लँडच्या नावानं टेक्सासनं २०१७ साली केलेल्या कायद्यानं जेलांना मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाशी चोवीस तास संपर्काची सोय ठेवायला लावलं. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया हे सुटकेआधी ९० दिवसांपर्यंत मेडिकेडमधून काही उपचार द्यायला परवानगी मिळालेलं पहिलं राज्य ठरलं. पाऊल चांगलं आहे. पण कच्च्या कैद्याची सुटका कोणत्या तारखेला, हे कुणाला ठाऊक असतं? दुपारी जामीन होतो आणि तो रात्री रस्त्यावर असतो. म्हणून सुटकेपासून मागे दिवस मोजण्यापेक्षा, दोष सिद्ध होईपर्यंत कुणाचंही मेडिकेड थांबवू नये. काउंट्यांची राष्ट्रीय संघटना आणि शेरीफांची संघटना यांनी मिळून हा प्रश्न लावून धरला आहे. रोज ही माणसं सांभाळणाऱ्यांचीच मागणी अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, आता तरी मान्य करावी.