भावाची चिंता आणि रात्रीची झोप

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि ८ डिसेंबरला निर्यातच थांबवली. दोन्ही वेळा लासलगावचे लिलाव बंद पडले. अशा दिवसांत माल खळ्यावर पडून राहतो आणि व्यापाऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे. संकट जाणवताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतात. एरवी ते पहाटे वाढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. चिंता मात्र ते रात्रीही चढे ठेवते. याउलट अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडून शरीराला रात्र झाल्याचे कळवते. अंथरुणात मोबाइलवर भाव पाहणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते. उजेड मेलाटोनिनला अडवतो आणि वाईट बातमी मनाचा ताण वाढवते. झोप अपुरी राहिली की दुसऱ्या दिवशी जुनी कंबरदुखी अधिक जाणवते व घरच्यांवर विनाकारण राग निघतो.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत संध्याकाळ मोकळी असते. हिशेब तेव्हाच मिटवावा. दुपारनंतर चहा टाळावा, रात्री दिवे मंद करावेत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. दोन-तीन आठवडे झोप लागली नाही किंवा मन सतत उदास राहिले, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

रात्रभर जागून भाव चढत नाही. सकाळच्या लिलावाला मात्र शांत डोके लागते.