आजोबांच्या दुनळीचे करायचे काय?

खंडेनवमीचा पाट डोळ्यांपुढे आणा. हैदराबादच्या काचीगुड्यातले किंवा सुलतान बाजारातले एखादे जुने मराठी घर. पाटावर विळी, कोयता, कात्री, थोरल्याचा स्क्रू ड्रायव्हर, धाकटीचा लॅपटॉप आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली बारा बोअरची दुनळी. नळ्यांना तेलाचा हात फिरवलेला, अक्रोडाच्या दस्त्यावर आजोबांच्या गालाने घासून आलेली चकाकी, दोन नळ्यांमधल्या पट्टीवर विलायती कारखान्याचे कोरीव नाव. तिला हळदीकुंकू लावायचे, आपट्याचे पान ठेवायचे आणि दसरा झाला की फ्लॅनेलच्या पिशवीत घालून पुन्हा कपाटात. असे वर्षानुवर्षे चालते. मग एक दिवस परवानाधारक जातात आणि तेरावा होईपर्यंत प्रश्न घरात येऊन बसलेला असतो: हिचे करायचे काय?

मुलगा गच्चीबावलीत संगणकावर, मुलगी परदेशात. दोघांनीही आयुष्यात चाप ओढलेला नाही. तरी ‘विकू या’ म्हणायला जीभ रेटत नाही. सोने विकताना एवढा विचार होत नाही, जमीन विकताना तर मुळीच नाही.

अशा घरांत बंदूक आली कशी, हे हैदराबादेत फार शोधावे लागत नाही. 1948 पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या राज्यात होते. गढीवरचे देशमुख, देशपांडे, जहागीरदार यांचे एक पाऊल गावात तर दुसरे राजधानीत. ब्रिटिश मुलखात 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाची बंदूक परवान्याला बांधून टाकली होती. संस्थानात मात्र कारभार दरबारचा. तिथे बंदूक हा दर्जाही होता आणि गरजही. 1949 मध्ये जहागिरी गेल्या. गढ्या ढासळल्या, कुळे मालक झाली, पण कपाटातली बंदूक टिकली, कारण तिला अजून एक काम उरले होते. शिकार.

तेही काम 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवले. त्याआधी शिकार हा रीतसर धंदा होता. नागपूरची ऑल्विन कूपर कंपनी परदेशी पाहुण्यांसाठी मध्य भारताच्या जंगलात शिकारीच्या मोहिमा काढत असे आणि ती चालवणारे विद्याचरण शुक्ल पुढे केंद्रात मंत्री झाले. आता हैदराबादी शिकाऱ्याचे नाव पेपरात येते ते एखाद्या सरकारी मोहिमेपुरते. 2018 साली पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीसाठी महाराष्ट्राच्या वन खात्याने हैदराबादहून नवाब शफात अली खान यांना बोलावले. 2 नोव्हेंबरच्या रात्री प्रत्यक्ष गोळी झाडली ती त्यांच्या मुलाने, आणि त्यावरून उठलेला वाद कोर्टापर्यंत गेला. बाकी सगळ्या दुनळ्या आणि रायफली पन्नास वर्षे घरी बसून आहेत.

बसून असलेल्या बंदुकीलाही कायदा मोजतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात डिसेंबर 2019 मध्ये दुरुस्ती झाली आणि एका माणसाला बाळगता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच होते. पंजाब-राजस्थानकडून आरडाओरडा झाला तेव्हा एक वाढवून मिळाले. वारशाने आलेली बंदूकही या दोनांतच धरली जाते. ज्याच्याकडे तिसरे होते त्याने ते वर्षभरात पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. ऑस्ट्रेलियाने 1996 च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर लोकांकडून सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या, त्या पैसे मोजून. आपल्याकडे भरपाईचे नावही नव्हते.

नेमबाजांना सवलत आहे, आणि ती रास्तच आहे. हैदराबादेत वाढलेल्या गगन नारंगने 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवले, त्याच्या वर्षभर आधी पुण्यात ‘गन फॉर ग्लोरी’ ही अकादमी काढली; हैदराबादची ईशा सिंग, कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ही त्याच वाटेवरची पुढची नावे. पण आजोबांची दुनळी काही ऑलिम्पिकला जात नाही.

ठेवावी म्हणणाऱ्यांचे पहिले कारण असते संरक्षण. हे कारण तपासून पाहिले की हातात फार काही उरत नाही. शहाणा माणूस बंदूक एका कुलपात ठेवतो आणि काडतुसे दुसऱ्या. न ठेवली तर चोरापेक्षा घरातल्या पोराचीच धास्ती जास्त. चोर काही दोन किल्ल्या सापडेपर्यंत थांबत नाही. काडतुसे तरी कसली? कागदी आवरणाची, पावसाळ्यांनी फुगलेली. निवडणूक आली की आचारसंहितेबरोबर शस्त्र जमा करण्याचा हुकूम निघतो. विधानसभा, लोकसभा, महापालिका धरल्या तर या ‘संरक्षका’च्या बदल्या एखाद्या तहसीलदारालाही लाजवतील.

दुसरे कारण पैशाचे. विलायती माल आहे, लाखो रुपये येतील, आणखी थोडे थांबू. यात तथ्य आहे. ऐंशीच्या दशकात खासगी माणसाला बंदुका आयात करणे बंद झाले, तेव्हापासून देशात जे विलायती पिस्तूल-रिव्हॉल्व्हर आहे तेवढेच आहे, आणि त्याला भाव आहे. पण हा भाव सरसकट नाही. शिकारी रायफलींचेच बघा. खासगी गोळ्या बंडखोरांच्या हाती पडलेल्या सरकारी शस्त्रांना उपयोगी येऊ नयेत म्हणून ब्रिटिशांनी 1907 च्या सुमारास हिंदुस्थानात .450 बोअरवर बंदी घातली. लगेच लंडनच्या कारखानदारांनी .465, .470 अशी नवी मापे काढली आणि राजेरजवाड्यांना विकली. त्या मापांच्या गोळ्या आज इथे मिळणे जवळपास अशक्य. म्हणजे एका सरकारी हुकुमातून जन्मलेली रायफल शंभर वर्षांनी दुसऱ्या सरकारी हुकुमांपायी उपाशी बसली. तिचा दस्ता सुंदर असेल, नक्षी मोहक असेल, पण गिऱ्हाइकाला आधी परवाना हवा, मग त्या परवान्यावर जागा हवी, आणि दोनाची मर्यादा आल्यावर ती जागा कुणी हौसेपोटी अडवत नाही. परदेशात पाठवावी, तर शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि 1972 चा दुसरा एक कायदा ती खासगी माणसाला बाहेर नेऊ देत नाही.

विकण्याची रीतही ओएलएक्सवरच्या सोफ्यासारखी नाही. घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला कळवायचे, त्यानंतर किमान 45 दिवस जाऊ द्यायचे, मग व्यवहार. परवाना संपलेला असेल तर आधी शस्त्र जमा. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत विकण्याचा हक्क मालकाला असतो. मुदत गेली की ते सरकारजमा. ‘बघू सावकाश’ म्हणत विनापरवाना बंदूक कपाटात ठेवली, तर आजोबांच्या आठवणीची किंमत कायद्यात किमान दोन, कमाल पाच वर्षे कैद आहे.

राहिले तिसरे कारण, आणि तेच खरे. ती आजोबांची आहे. याला उत्तर हैदराबादेतच, मुसीच्या काठी उभे आहे. निजामाचे माजी दिवाण, तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान 1949 साली वारले, अविवाहित. दिवाण देवडीत हजारो वस्तूंचा डोंगर आणि मागे नातेवाइकांचा गोतावळा. वाटण्या झाल्या असत्या तर तो संग्रह पाच-पंचवीस दिवाणखान्यांत आणि शेवटी जुन्या बाजारात दिसला असता. त्याऐवजी 1951 मध्ये नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले, 1961 मध्ये संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवले. आज तिथल्या शस्त्रदालनात सहलीची पोरे काचेला नाक लावून उभी असतात. चौमहल्ला राजवाड्यातही निजामांची शस्त्रे अशीच भिंतीवर आहेत. घराण्याची इज्जत यात गेली का?

दुसरे उदाहरण जिम कॉर्बेटचे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर 1907 मध्ये बक्षीस मिळालेली त्यांची रिग्बी रायफल त्यांच्या प्रकाशकाकडे गेली, अनेक वर्षांनी बनवणाऱ्या कंपनीने ती परत मिळवली आणि 2016 मध्ये कुमाऊंच्या लोकांना बघायला आणली. ती टिकली कारण तिची गोष्ट लिहिलेली होती. आपल्याकडे बंदुका जपतात आणि गोष्टी हरवतात. कुठून घेतली, कितीला, कोणत्या साली, कुणी कुणासाठी झाडली, हे एका कागदावर लिहिलेले घर हजारात एखादे.

म्हणून कौल द्यायचाच तर तो असा. चालू स्थितीतली आणि घरात कुणी न चालवणारी बंदूक विकावी, परवानाधारक विक्रेत्यामार्फत, सगळी कागदपत्रे जागेवर असताना आणि मालक हयात असताना. खरोखर जुनी, इतिहास असलेली बंदूक संग्रहालयाला विचारावी. आणि दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशी मोडकी, पुरातन बंदूक शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमाने या जाचातून सुटते. तशी असेल तर लेखी खात्री करून घेऊन खुशाल भिंतीवर लावावी. तेलंगणा आणि महाराष्ट्राच्या पुरातत्त्व खात्यांनीही एक करावे. पोलिस ठाण्यांच्या मालखान्यांत सरकारजमा झालेल्या बंदुका नष्ट करण्याआधी जाणकारांकडून एकदा तपासून घ्याव्यात. औरंगाबादच्या गढीवरची ठासणीची बंदूक आणि गुंडाकडून जप्त केलेला गावठी कट्टा एकाच भट्टीत जाऊ नयेत.

या खंडेनवमीला पूजा झाली की परवान्याचे पुस्तकही उघडून बघा. 2016 च्या नियमांप्रमाणे मालकाची सत्तर वर्षे पूर्ण झाली असतील किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर वारसाचे नाव त्याला स्वतःच सुचवता येते. त्यासाठी मृत्यूचा दाखला लागत नाही.