घरालगतचे उपद्रवी पक्षी आणि विषाचा मोह

ठाणे जिल्ह्यात बदलापूर शहराला लागून असलेल्या सोनिवलीसारख्या गावात आज दोन जगे शेजारी शेजारी नांदत आहेत. एकीकडे भाताची खाचरे, कौलारू घरे, परसातील खुराडे आणि दाराशी राखणीचा कुत्रा; तर दुसरीकडे शहराच्या उंच इमारती, त्यांच्या सज्जांवर वस्ती करणारे पारव्यांचे थवे आणि उघड्यावर पडणारा खरकट्याचा कचरा. या संगमावर ज्यांचे विशेष फावले ते पारवे, कावळे व साळुंक्या होत. वाळवणावर तुटून पडणे, कोंबडीच्या पाठीमागून चालणारी पिले उचलून नेणे, वळचणीस घरटी करून ओटी घाण करणे, हा त्यांचा नित्यक्रम होऊन बसला आहे. हा उपद्रव काल्पनिक नव्हे. ज्या गृहिणीच्या दहा पिलांपैकी सहा पिले आठवड्याभरात कावळ्याने नेली, तिला पक्षिप्रेमाचे पाठ देणे व्यर्थ आहे.

तथापि या उपद्रवावर जो उपाय कित्येक ठिकाणी सर्रास सुचविला जातो, त्याविषयी स्पष्ट बोलणे अगत्याचे झाले आहे. शेतावर फवारणीसाठी आणलेल्या औषधाचे चार थेंब मूठभर तांदळास चोळावे आणि ते दाणे कौलावर वा परसात टाकावे, म्हणजे काम झाले, असे शेजारी शेजाऱ्यास सांगतो. प्रस्तुत लेखकाचे ठाम मत असे आहे की, हा उपाय नसून घरात ओढवून घेतलेले संकट आहे, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यास उघड विरोध केला पाहिजे.

याचे पहिले कारण अगदी साधे आहे. कोंबडी हाही पक्षीच आहे. जे विष पारव्यास मारते ते कोंबडीस सोडत नाही, आणि जमिनीवरचा दाणा टिपण्यात तिचा हात कोणी धरीत नाही. कौलावर टाकलेला दाणा वाऱ्याने वा पागोळ्यांच्या पाण्याने अंगणात येतोच. दुसरे कारण असे की, विष खाल्लेला पक्षी जागच्या जागी मरून पडेलच असे नाही. तो धडपडत परसात, गोठ्यात वा शेजाऱ्याच्या दारात येऊन पडतो. अशा अर्धमेल्या पक्ष्यावर मांजर झडप घालते, कुत्रा तो तोंडात धरतो. आणि पक्ष्याच्या पोटातील न पचलेले विषारी दाणे त्यांच्याही पोटात जातात. उंदरांसाठी ठेवलेल्या विषाचीही हीच कथा आहे. विषबाधा झालेला उंदीर खाऊन घरचे मांजर तर दगावतेच, पण रात्रभर उंदरांचा फडशा पाडणारे घुबडही मरते, म्हणजे शेतकऱ्याचा फुकट राबणारा राखणदारच नाहीसा होतो.

एका प्राण्याच्या देहातून विष दुसऱ्याकडे कसे जाते, याचा धडा आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. जनावरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही वर्षांतच देशातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. जनावरांसाठी या औषधाचा वापर २००६ मध्ये बंद करण्यात आला. तेथे तर गिधाडे मारण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. मग जेथे मारण्याच्याच हेतूने विष पसरले जाते, तेथे ते आपण आखलेल्या सीमेत राहील अशी अपेक्षा कशी करावी?

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. घरात विष हाताळले गेले की ते वाटीत, डब्यात, सुपात राहते. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पोटात जाऊन तेवीस बालके मृत्युमुखी पडली. विष आणि अन्न यांच्या भांड्यांत अंतर राहिले नाही म्हणजे काय होते, हे त्या घटनेने साऱ्या देशाला दाखविले. फोरेटसारख्या जहाल औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे; तरीही जुन्या साठ्यातील पुडी कोणाच्या माळ्यावर पडून असल्यास ती पक्ष्यांसाठी 'उपयोगात' आणण्याचा मोह कोणीही धरू नये. सज्जात व माळ्यावर डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धतही तितकीच सदोष आहे. पारवे तिला फारशी भीक घालीत नाहीत. मात्र कुत्रा, मांजर वा रांगते मूल यांच्या पोटात ती गोळी गेल्यास रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होऊ शकतो.

समूळ नाशाची कल्पना किती घातक ठरते, याचेही उदाहरण जगापुढे आहे. चीनमध्ये १९५८ साली चिमण्यांविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडण्यात आली, कारण त्या धान्य खातात. परंतु चिमणी आपल्या पिलांना किडे व अळ्या भरविते, याचा विचार झाला नाही. पुढे किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले. कावळा व साळुंकी हेदेखील नांगरटीच्या वेळी आपल्याच शेतातील हुमणी व अळ्या वेचतात, हे विसरून चालणार नाही.

मग करावे काय? उत्तर असे की, पक्षी आपल्या घरी अन्न, पाणी आणि आसरा या तीन गोष्टींसाठी येतो. त्या आपणच पुरवितो आणि नंतर त्याच्या नावाने बोटे मोडतो. मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून २०२५ मध्ये मोठा वाद झाला. त्यात श्रद्धा व आरोग्य या दोन्ही बाजू हिरिरीने मांडल्या गेल्या. परंतु जेथे रोज पोत्यांनी दाणा पडतो तेथे पारव्यांची संख्या वाढणारच, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पितृपक्षातील काकबळीचा घास ठेवू नये, असे आमचे म्हणणे नाही. तो पक्षी खाईल तेवढाच ठेवावा आणि उरलेला उचलावा, इतकेच.

म्हणून पहिला उपाय अन्नाचा. कोंबड्यांना दाणा दिवसभर पसरून न ठेवता सकाळ-संध्याकाळ मोजका व शक्यतो खुराड्याच्या आत द्यावा. कुत्र्या-मांजराचे भांडे खाऊन होताच उचलावे. खरकटे झाकणाच्या बादलीत वा मातीने झाकलेल्या खतखड्ड्यात टाकावे. वाळवणावर बांबूच्या कामट्यांची चौकट करून तीवर जाळी ताणावी. चकाकणाऱ्या फिती व बुजगावणी यांचा प्रभाव थोडेच दिवस टिकतो, कारण पक्षी त्यांना सरावतात; यास्तव त्यांची जागा वरचेवर बदलावी.

दुसरा उपाय आसऱ्याचा. पारव्यास बसण्यासाठी सपाट कड लागते. तेथे उतरती फळी बसविल्यास त्याचे पाय ठरत नाहीत. मोकळ्या जागांना जाळी लावताना पारव्यासाठी सुमारे ५० मिलिमीटरची, साळुंकीसाठी २८ मिलिमीटरची व चिमणीसाठी १९ मिलिमीटरची भोके पुरतात. जाळी ताठ ओढून बांधावी. सैल जाळीत पक्ष्याचे पंख आणि मांजराच्या नख्या अडकतात. नायलॉनचा मांजा मात्र कदापि ताणू नये. त्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि तो पक्ष्याप्रमाणेच माणसाचाही गळा कापतो. जागा बंद करण्यापूर्वी आत अंडी वा पिले नाहीत याची खात्री करावी. पारव्याची अंडी सुमारे अठरा दिवसांत उबतात आणि पिले पुढे चार-पाच आठवड्यांत उडून जातात. एवढी प्रतीक्षा केल्यास आत पिले कुजून दुर्गंधी सुटण्याचा प्रसंग येत नाही.

तिसरा उपाय पिलांच्या रक्षणाचा. लहान पिले पहिले सहा-आठ आठवडे वरूनही जाळी असलेल्या आवारातच हिंडू द्यावीत. याचा आणखी एक लाभ आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात वेहळोली येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव आढळला आणि परिसरातील हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. रानपक्षी व घरच्या कोंबड्या यांचे दाणापाणी वेगळे ठेवणे, हाच या रोगापासून बचावाचा प्रमुख मार्ग आहे. परसात कावळे वा अन्य पक्षी मेलेले आढळल्यास त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पारव्यांची वाळलेली विष्ठाही कोरडी झाडू नये. तिची धूळ फुप्फुसांना अपाय करते. नाकातोंडास फडके बांधावे आणि विष्ठा प्रथम पाण्याने भिजवून मगच काढावी.

इतके करूनही कोणाच्या चुकीने कुत्र्याने वा मांजराने विष खाल्लेच, तर वेळ दवडू नये. लाळ गळणे, अंग थरथरणे, झोक जाणे, श्वास कोंडणे ही फवारणीच्या औषधांच्या बाधेची लक्षणे होत. अशा वेळी दूध, तूप किंवा मिठाचे पाणी पाजण्याच्या भानगडीत पडू नये. विषाची पुडी वा बाटली बरोबर घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे, किंवा १९६२ या पशुसेवा क्रमांकावर मदत मागावी.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. घरकावळा पूर्वी वन्यजीव संरक्षण अधिनियमातील उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकण्यात आली आणि ही तरतूद १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे. प्राण्यास विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा ठरतो.

जाळी व चौकट यांना खर्च येतो, विष मात्र घरात आयतेच असते, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु हिशेब पुरता मांडला पाहिजे. एका जाळीची किंमत एकीकडे आणि खुराडेभर कोंबड्या, राखणीचा कुत्रा, शेजाऱ्याशी जन्माचे वैर व आपल्या लेकरांच्या जिवाचा धोका दुसरीकडे ठेवून पाहावे. ग्रामकार्यकर्त्यांनी हा हिशेब सभेतील भाषणापेक्षा घरच्या ओटीवर बसून, विशेषतः कुक्कुटपालन सांभाळणाऱ्या भगिनींपुढे मांडावा आणि गावात एका तरी परसात जाळीचे आवार उभे करून दाखवावे. पक्ष्यांपासून घर राखणे हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. मात्र घरातील सर्वांचे, मुक्या जनावरांचेही, रक्षण ज्या उपायाने होते तोच उपाय खऱ्या शेतकऱ्यास शोभणारा होय.