विचारले कोणाला?

शहराचा एखादा भाग पाडून नवा बांधायचे ठरते, तेव्हा तिथे राहणाऱ्याला ते सर्वांत शेवटी कळते. आपण हे इतके अंगवळणी पाडून घेतले आहे की त्यात अन्याय आहे, असेही आता वाटत नाही. सरकार आणि बिल्डर यांना शिव्या घालून हा विषय संपत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात आपण शिकलेसवरलेले, मतदार, घरमालक सगळेच उभे आहोत.

गिरणगावाचे काय झाले ते पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि मुंबईच्या मध्यावरच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिची वाटणी केली होती : एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करणारा अहवाल दिला. तो कपाटात गेला. २००१मध्ये नियम बदलला : वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून मोकळी होणारी जागा वाटणीबाहेर. शहराच्या वाट्याला तुकडे आले. नागरिकांनी २००५मध्ये उच्च न्यायालयात या बदलाविरुद्धची लढाई जिंकली, २००६मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात हरली.

एवढी मोठी जमीन सार्वजनिक हातातून निसटत असताना मराठी मुंबई काय करत होती? गिरणी कामगारांचे नेते दत्ता इस्वलकर यांच्यासोबत मोर्चात चालणारे म्हातारे कामगार आणि मूठभर नागरिक सोडले, तर ज्यांच्या बापाने साच्यावर आयुष्य काढले तेही डोंबिवली-बदलापूरच्या गाडीत मान खाली घालून बसले होते. त्याच जमिनीवर ऑफिसे उठली, लाखो माणसे रोज तिथे येऊ लागली, पण त्यांनी चालायचे कुठून हे कोणी ठरवलेच नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर वीसहून अधिक जीव चेंगरून गेले. आपण त्याला पावसाचा, अफवेचा अपघात म्हणालो. नियोजनाच्या नावाखाली केलेल्या लुटीची ती किंमत होती, आणि ती ज्यांनी मोजली त्यांना त्या लुटीतले काहीच मिळाले नव्हते.

आज तीच पाळी धारावीची. साधारण सहाशे एकरांवर घर, दुकान आणि कारखाना एकाच छपराखाली चालतो. कुंभारवाड्यात भट्टी घराला लागून असते, पापड दारातच वाळतात, चामड्याचा गाळा खाली आणि कारागीर पोटमाळ्यावर. राहणे आणि कमावणे एकत्र गुंफण्याचे जे तंत्र नगररचनाकार नकाशावर काढू पाहतात, ते या लोकांनी स्वतःच्या हाताने उभे केले आहे. तरीही धारावीच्या पुनर्विकासाची योजना ठरवताना त्यांचे ज्ञान कोणी मागितले नाही. इतर झोपडपट्टी योजनांत सहसा रहिवाशांची संमती लागते, इथे ती अट नाही. १ जानेवारी २००० नंतरचा आणि माळ्यावरचा रहिवासी धारावीतल्या मोफत घराला अपात्र. २०२२मध्ये निविदा निघाली, २०२५मध्ये बृहत् आराखडा मंजूर झाला, आणि या मधल्या काळात मुंबई महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाच्या हाती शहर, आणि त्याच काळात शहराचा एवढा मोठा सौदा! ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांचे आश्वासन दिले होते, त्याचा जाब विचारायला कोण रस्त्यावर आले?

आपण आलो नाही, कारण आपल्याला धारावी घाण वाटते. तिथला माणूस फुकट घर घेणारा, अतिक्रमण करणारा, असे आपण मुलांसमोर सहज बोलतो. सोसायटीच्या पुनर्विकासात मात्र चटईक्षेत्राच्या एकेका फुटासाठी आपण वर्षानुवर्षे बैठका घेतो, वकील लावतो, संमतीपत्र रोखून धरतो. आपली संमती हा हक्क आणि त्यांची संमती हा अडथळा, हा भेद कोणत्या नीतीत बसतो?

माझी मागणी अशी : धारावीचा प्रत्येक नकाशा मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत वस्तीच्या नाक्यावर लावा, कुंभाराला भट्टी कुठे जाणार हे बोट ठेवून दाखवा, माळ्यावरच्या भाडेकरूचे म्हणणे लिहून घ्या, आणि त्यातले काय मान्य केले, काय फेटाळले आणि का, हे पहिली इमारत पाडण्याआधी त्याच नाक्यावर जाहीर करा.